सूर्याची रेषा कोणती, हवेची कोणती

पहिले आठ-दहा दिवस मी पुठ्ठ्याच्या पेटीतून सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या (म्हणजे सुट्या झालेल्या रंगांच्या पट्ट्यातल्या) काळ्या रेषा नुसत्या मोजत होते. काल नऊ, आज अकरा, असं. मग एका संध्याकाळी लाल रंगाच्या पार टोकाला एक जाड काळी पट्टी दिसली. दुपारी त्याच पेटीतून पाहिलं तेव्हा ती जवळपास नव्हतीच. आधी वाटलं, फटीत केर अडकलाय. फट पुसली, तरी पट्टी तिथंच. तेव्हा उमगलं, की मी सूर्य बघतेय म्हणत होते, पण त्याच्याबरोबर आपली हवाही बघत होते. काळी रेषा म्हणजे वाटेतल्या वायूनं गिळलेला रंग, आणि तो वायू सूर्यावरचा असेल किंवा आपल्या हवेतला. त्या दिवशी मोजणं सोडलं आणि एकच प्रश्न धरला: समोरची रेषा सूर्याची की हवेची? घरी केलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीतून याचं उत्तर खरंच मिळतं. ते कसं मिळवायचं तेवढंच इथं सांगते.

मी चाळीस वर्षं बुकबाइंडिंग केलं. प्रकाशशास्त्र शिकलेली नाही, पण पुठ्ठा, पातं आणि खळ यांच्याशी चांगली ओळख आहे, आणि या कामात नव्वद टक्के तेच लागतं.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण नंतर ती वाचायची राहून जाते. पेटी सूर्याकडे रोखायची नाही. फट कितीही बारीक असली तरी नाही, आणि दुर्बीण किंवा भिंग पुढं लावून तर अजिबात नाही. उन्हात पांढरा कागद ठेवा आणि पेटी त्या कागदाकडे धरा. कागदावरून उसळलेल्या प्रकाशात सूर्याच्या सगळ्या रेषा जशाच्या तशा असतात. पांढरा ढग चालतो, निळं आकाश चालतं. पौर्णिमेच्या चंद्राच्या प्रकाशातही याच रेषा आहेत, फक्त तो फार मंद पडतो.

आता पेटी. दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, आतून काळा कागद, लांबी ४० सेंटिमीटर. चाळीसच का, तर माझा वाचायचा चष्मा अडीच नंबरचा आहे आणि तो बरोबर तेवढ्या अंतरावर स्पष्ट दाखवतो. या पेटीत भिंग नाही, त्यामुळे डोळ्याला फट ज्या अंतरावर आहे तिथंच नजर स्थिर करावी लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिली पेटी २० सेंटिमीटरची केली, सगळं धूसर दिसलं आणि दोष मी डीव्हीडीला देत बसले. चष्मा नसेल तर ३० ते ४० मधली कुठलीही लांबी घ्या, आणि चष्मा असेल तर तो लावूनच बघा.

पुढच्या टोकाला फट. मध्ये भोक असलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीवर दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे, धारा समोरासमोर, मध्ये केसाएवढी जागा. ही जागा किती ठेवायची, यावर सगळा खेळ आहे. छपाईचा साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. पाचशे कागदांचं रीम पाच सेंटिमीटर भरतं, त्यावरून हिशेब करा. एक धार चिकटवून घ्या, कागदाचा तुकडा तिच्याशी उभा भिडवा, दुसरी धार कागदाला टेकवा, चिकटवा आणि कागद हळूच ओढून घ्या. फट वरपासून खालपर्यंत सारखी आपोआप येते. डोळ्यांनी अंदाज घेत बसलात तर ती पाचरीसारखी होते. पुढं हात बसला की जाड कागदाऐवजी पुस्तकातल्या चित्रावर घालतात तो पातळ टिश्यू वापरा. रेषा आणखी रेखीव येतात, पण उजेड कमी होतो, म्हणून सुरुवात त्यानं करू नका.

मागच्या टोकाला डीव्हीडी. सीडी नको. सीडीच्या चऱ्या (चकतीवरच्या अतिबारीक खाचा, त्याच रंग सुटे करतात) एकमेकींपासून १६०० नॅनोमीटरवर असतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), डीव्हीडीच्या ७४० वर. पेटी किती बारीक भेद दाखवू शकेल याचा ढोबळ हिशेब असा: चऱ्यांमधलं अंतर गुणिले फटीची रुंदी, भागिले पेटीची लांबी. डीव्हीडीसाठी ७४० गुणिले ०.१ भागिले ४००, म्हणजे ०.१८५ नॅनोमीटर. सीडीसाठी ०.४. पिवळ्या रंगातल्या सोडियमच्या जोडरेषांमध्ये ०.६ नॅनोमीटरचं अंतर आहे. कागदावर सीडीही ती जोडी फोडते, प्रत्यक्षात मात्र माझ्याच्यानं कधी फोडवली नाही, कारण सीडी वर्णपट इतका आखूड पसरते की डोळ्याला त्या दोन रेषा एकच भासतात.

कोरी डीव्हीडी-आर घ्या. तिच्यात दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. कडेला कटरचं पातं घालून हळूहळू फिरवलं की त्या सुटतात, जुन्या पुस्तकाचं कव्हर सोडवतो तशा. एक चकती जांभळसर पारदर्शक निघते, ती आपली. तिच्यावर चंदेरी पापुद्रा राहिला असेल तर चिकटपट्टी लावून उपटा. जांभळा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन काढा, बोटं न लावता. मग तुकडा कापा, साधारण दोन सेंटिमीटरचा, बाहेरच्या कडेजवळचा, कारण तिथं चऱ्या त्यातल्या त्यात सरळ असतात. कापण्याआधी चकती गरम पाण्यात बुडवून घेतली तर तडे कमी जातात.

आणि कापण्याआधी पेननं खूण करा! चकतीच्या मध्यापासून कडेकडे जाणारी दिशा तुकड्यावर लिहून ठेवा. मी पहिल्यांदा छान चौकोनी तुकडा कापला आणि मग तो हातात घेऊन बसले, चऱ्या उभ्या की आडव्या ते काही केल्या कळेना. चऱ्या फटीला समांतर हव्यात, म्हणजे ती खुणेची दिशा फटीला काटकोनात.

तुकडा पेटीच्या तोंडावर सपाट चिकटवू नका. पेटीचं मागचं तोंडच साधारण २४ अंश तिरकं कापा आणि त्या तिरक्या तोंडावर तुकडा लावा. मग सरळ मागून नाही, तर ज्या बाजूला ते तोंड वळलंय त्याच बाजूला आणखी तेवढंच सरकून, म्हणजे पेटीच्या रेषेपासून एकूण ४७ अंशांवरून बघा. प्रकाश आत येताना आणि बाहेर पडताना तुकड्याशी सारखाच कोन करतो, तेव्हा रेषा सगळ्यांत सुबक दिसतात. उलट बाजूनं बघितलंत तर पिवळा-लाल दिसणारच नाही, तेव्हा घाबरून तुकडा फेकून देऊ नका. डोळ्याजवळ काळ्या कापडाची झालर लावा. बाहेरचा उजेड आत शिरला की बारीक रेषा पहिल्या मरतात.

शेवटचं काम फट फिरवण्याचं. फटीची चकती मी खळीनं कायमची चिकटवत नाही, चिकटपट्टीवर ठेवते. कागदाकडे पेटी धरून चकती किंचित डावी-उजवी फिरवायची. एका जागी अचानक सगळ्या रेषा उमटतात. कॅमेऱ्याच्या फोकससारखं हळूहळू होत नाही ते, एकदम होतं. तिथं पक्कं करा.

रेषा फटीला समांतर असतात, वर्णपटाच्या आडव्या लांबीला काटकोनात. वर्णपटाच्या लांबीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी काळी ओळ दिसली तर ती फटीतली धूळ. शंका असेल तर पेटी पांढऱ्या एलईडी दिव्याकडे फिरवा. त्याच्या प्रकाशात बारीक काळ्या रेषा नसतात. जी रेषा दिव्यातही दिसते ती तुमच्या पेटीची.

आता नावांचा घोळ. वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०२ मध्ये या रेषा पाहिल्या आणि त्या रंगांमधल्या सीमा असाव्यात असं समजला. जर्मनीतल्या फ्राउनहोफरनं १८१४ मध्ये त्यांचा नकाशा काढायला घेतला, ५७४ रेषा नोंदवल्या आणि ठळक रेषांना लाल टोकापासून ए, बी, सी अशी अक्षरं दिली. तीच आजही चालतात. पण त्याच्या नकाशात एक मोठा बी आहे आणि एक लहान बी, आणि आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाही. माझ्या वहीत पहिला महिना या दोघांनी इतका गोंधळ घातला की शेवटी नातीनं लाल पेननं लिहून दिलं: ‘मोठा बी हवेचा, लहान बी सूर्याचा.’

सुरुवात लहान बी पासून करा. तो हिरव्यात आहे आणि हिरव्यात आपली नजर तीक्ष्ण असते. ५१८.४ आणि ५१७.३ वर (इथले आणि पुढचे असे आकडे तरंगलांबीचे, नॅनोमीटरमध्ये; जांभळ्याकडून लालकडे ते वाढत जातात) मॅग्नेशियमच्या दोन रेषा, त्यांच्या शेजारी ५१६.८ च्या आसपास मॅग्नेशियम आणि लोखंड यांची मिळून एक. पहिल्यांदा एकच जाड डाग दिसेल. फट नीट लागली की एक सुटी आणि दोन जवळजवळ, असं त्रिकूट होतं. हे त्रिकूट दिसलं की पेटी जमली असं समजा.

तिथून निळ्याकडे सरकलात की निळसर हिरव्यात एफ, ४८६.१ वर, हायड्रोजनची. लालकडे सरकलात तर ५२७ ला ई, लोखंडाची. जांभळ्यात ४३०.८ जवळ जी, ती एक रेषा नसून अनेकांची गर्दी आहे. त्याच्या पुढचं तुमच्या वयावर अवलंबून. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी झालं. दोन ऑपरेशनांच्या मधल्या काळात डाव्या डोळ्यानं जी च्या पुढं नुसता काळोख दिसे, आणि उजव्यानं ४१०.२ ची हायड्रोजनची रेषा चक्क दिसे. कॅल्शियमच्या एच आणि के, ३९६.८ आणि ३९३.४ वरच्या, खरं तर सूर्याच्या दृश्य वर्णपटातल्या सगळ्यांत रुंद रेषा, पण त्या डोळ्याच्या काठावर आहेत. नातीला दिसतात, मला ‘तिथं काहीतरी आहे’ इतपतच.

रेषा काळी म्हणजे तो पदार्थ जास्त, असं मात्र धरू नका. सूर्यात हायड्रोजन सगळ्यांत जास्त, तरी त्याच्या रेषा कॅल्शियमपुढं फिक्या. कुठली रेषा किती गडद येणार हे तापमानावर फार अवलंबून असतं. खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये हे मांडलं, तोवर मोठमोठे शास्त्रज्ञ सूर्य पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचा समजत होते.

पिवळ्यातली डी ही जोडी: ५८९.० आणि ५८९.६, सोडियम. ही तपासायला सगळ्यांत सोपी आणि मजेची. फटीचा खालचा अर्धा भाग कागदानं झाका आणि वरच्या अर्ध्यातून उन्हातला कागद बघा. मग वरचा अर्धा झाकून खालच्या भागासमोर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत ठेवा, आणि मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार तिच्यात धरा. पुठ्ठ्याची पेटी आहे, ज्योत हातभर लांब ठेवा. ज्योतीच्या वर्णपटात अंधारात दोन पिवळ्या चकाकत्या रेषा दिसतील. आता दोन्ही अर्धे उघडे करा: वर काळी जोडी, खाली चकाकती जोडी, एकाच ओळीत. १८५९ मध्ये किर्कहोफ या जर्मन शास्त्रज्ञानं सूर्यप्रकाश मिठाच्या ज्योतीतूनच पाठवला, तर डी रेषा उजळायच्या ऐवजी आणखी काळ्या झाल्या. तापलेला वायू जो रंग स्वतः टाकतो तोच मागून आलेल्या जास्त तेजस्वी प्रकाशातून गिळतो, हे त्यावरून बाहेर आलं.

डी जवळ हेलियम शोधू नका. ५८७.६ वर हेलियमची रेषा आहे हे खरं, १८६८ च्या सूर्यग्रहणानंतर तीच गाजली. पण ती सूर्याच्या कडेबाहेरच्या वायूत चकाकते. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग हेलियमची काळी रेषा उमटवण्याइतका तापलेला नसतो. मी तीन आठवडे शोधली.

आता मुख्य परीक्षा. लाल रंगात दोन रेषा निवडा: सी, ६५६.३ वर, हायड्रोजनची, आणि तिच्यापुढं आणखी गडद लालमध्ये मोठा बी, ६८६.७ पासून सुरू होणारी पट्टी. दोन्ही एकाच नजरेत मावतात. सूर्य डोक्यावर असताना बघा आणि वहीत दोघींना गडदपणाचे दहापैकी गुण द्या. मग सूर्य मावळतीला टेकत असताना पुन्हा बघा. कागद आता उभा, सूर्याकडे तोंड करून ठेवा. उजेड फार कमी पडला तर सूर्य बुडाल्यावर पश्चिमेच्या तांबूस आकाशाकडे पेटी धरा.

सी तशीच राहते. मोठा बी फुगतो, काळा होतो आणि त्याची निळ्याकडची कड सुरीनं कापल्यासारखी दिसायला लागते.

कारण सरळ आहे. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा प्रकाश हवेच्या एका जाडीतून येतो. तो क्षितिजापासून ३० अंशांवर आला की दुप्पट जाडी, १० अंशांवर साडेपाचपटीच्या वर, ५ अंशांवर दहापट, आणि क्षितिजाला टेकला की तीस-चाळीसपट. सूर्यावरचा हायड्रोजन संध्याकाळी वाढत नाही, मधला ऑक्सिजन वाढतो. मोठा बी त्या ऑक्सिजनचा आहे. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाला १८३० च्या दशकातच काही रेषा मावळतीला गडद होताना दिसल्या होत्या. पण मला आवडतो तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. १८६४ मध्ये त्यानं जिनिव्हा सरोवराच्या काठी लाकडांची मोठी होळी पेटवायला लावली आणि २१ किलोमीटरवरून तिचा वर्णपट पाहिला. जवळून त्या जाळात अशा काळ्या पट्ट्या नसतात, लांबून आल्या. त्यात सूर्य मुळी नव्हताच, म्हणजे पट्ट्या मधल्या हवेच्या. चार वर्षांनी हाच जान्सेन ते १८६८ चं ग्रहण बघायला गुंटूरला आला होता.

मोठा बी जमला की नारिंगी-लालमध्ये ६२८ च्या आसपास ऑक्सिजनची दुसरी, फिकट पट्टी शोधा. ती मला सूर्य पाच अंशांच्या खाली गेल्याशिवाय दिसत नाही. डोळ्यांना लाल टोक आणखी पुढं दिसेल असं समजून ए, ७६० जवळची, शोधायला जाल तर निराशा होईल, आणि फोनच्या कॅमेऱ्यात तर अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) अडवणारी काच असते, ती तो भाग बहुतेक कापूनच टाकते.

हवेच्या रेषांमध्ये ऑक्सिजन हा भरवशाचा, पाण्याची वाफ लहरी. डी च्या लालकडच्या बाजूला वाफेच्या बारीक रेषांची झुंबड आहे. दमट दिवशी, सूर्य खाली असताना, डी ला त्या बाजूनं राखाडी शेपूट फुटल्यासारखी दिसते. कोरड्या दिवशी तितक्याच उंचीवरच्या सूर्यात ती नसते. एकोणिसाव्या शतकात पियाझी स्मिथ हा खगोलशास्त्रज्ञ या शेपटीवरून पावसाचा अंदाज करायचा. मी करून पाहिला, पण ढगांकडे बघून केलेला माझा अंदाज जास्त वेळा बरोबर येतो. तरी वहीत सूर्याच्या उंचीबरोबर हवा दमट की कोरडी तेही लिहा, नाहीतर दोन संध्याकाळींची तुलना फसते. आणि संधिप्रकाशात नारिंगी रंगच एकूण काळवंडल्यासारखा वाटला, धारदार कड कुठंच नसली, तर ती रेषा नाही. ती ओझोनची पसरट सावली.

फोटो फोननं येतो. नात फोन झालरीत धरते, मी कागद सांभाळते. साध्या मोडमध्ये काढू नका. फोन स्वतःच्या अकलेनं कडा धारदार करतो आणि नसलेल्या रेषा उभ्या करतो. प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यांत कमी, फोकस हातानं, फाइल रॉ (फोननं न सुधारलेली). दोनपट झूमचं खरं भिंग असेल तर ते वापरा.

फोटो असला की तरंगलांबी काढणं त्रैराशिक आहे. आमच्या एका फोटोत एफ १२१० व्या पिक्सेलवर आली आणि डी जोडीचा मध्य, ५८९.३, हा २११० वर. म्हणजे १०३.२ नॅनोमीटरला ९०० पिक्सेल. मधली एक ठळक रेषा १४९० वर होती. एफ पासून २८० पिक्सेल, म्हणजे ३२.१ नॅनोमीटर, उत्तर ५१८.२. लहान बी ची पहिली रेषा, ०.२ नं हुकली. त्रैराशिक दोन ओळखीच्या रेषांच्या मधल्या भागापुरतंच वापरा, बाहेर गेलात की चूक वाढत जाते. जुनी सीएफएल ट्यूब घरात असेल तर तिच्यातल्या पाऱ्याच्या ४३५.८ आणि ५४६.१ या चकाकत्या रेषा खुणांसाठी झकास.

या पेटीची धाव इथवर. सध्या माझं लक्ष ६३० नॅनोमीटरवर आहे. तिथं ६३०.१५ आणि ६३०.२५ या सूर्यातल्या लोखंडाच्या दोन रेषा आहेत, आणि त्यांना खेटून, ६३०.२० आणि ६३०.२८ वर, आपल्या ऑक्सिजनच्या दोन. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते, विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे दोन किलोमीटरनं. एका कडेचा प्रकाश घेतला आणि मग दुसऱ्या कडेचा, तर लोखंडाच्या रेषा किंचित सरकतात आणि ऑक्सिजनच्या जागच्या हलत नाहीत. चारांतल्या कुठल्या दोन सूर्याच्या, हे संध्याकाळची वाट न बघता कळतं. पण सरकणं एकूण ०.००८ नॅनोमीटरच्या आसपास आहे आणि माझी पेटी ०.१८५ वर थांबते. म्हणून भिंगं, डीव्हीडीच्या तुकड्याऐवजी मिलिमीटरला २४०० चऱ्यांची जाळी आणि १० मायक्रॉनची (०.०१ मिलिमीटरची) तयार फट मागवली आहे. पुठ्ठा मात्र माझाच असणार.